थोर फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा

आमच्या वर्गातली मुले क्रिकेटपटूंची नावे पटापट सांगतात. म्हणून मी फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म १९३२ साली गोव्यात आसगाव येथे झाला. मुंबईत ते टाटांच्या संघाकडून खेळत.

१९५२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले. युगोस्लाव्हिया देशाने आपल्याला १०-१ असे हरवले. मग रहीमसाहेबांनी संघाची चांगली तयारी करून घेतली.

१९५६ चे ऑलिंपिक ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी भरले. आता आपले खेळाडू बूट घालून खेळले. १ डिसेंबरला सामना ऑस्ट्रेलियाशीच होता. मैदान त्यांचं, माणसं त्यांची! पण नेव्हिल यांनी एक नाही, दोन नाही, तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते आशियातले पहिले खेळाडू. आपण ४-२ असे जिंकलो.

उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर! पहिला गोल नेव्हिल यांनीच केला. नंतर मात्र त्या संघाचे चार गोल झाले. पुढच्या सामन्यात बल्गेरियानेही हरवले आणि आपलं पदक हुकलं. भारत चौथा आला.

१९८० साली नेव्हिल यांचे निधन झाले. चौथ्या नंबरला बक्षीस नसतं, म्हणून लोक नाव विसरतात. पण १०-१ ने हरवणाऱ्या संघावर चार वर्षांनी पहिला गोल करणे सोपे नाही. मला तरी ते फार मोठे वाटतात.

अंधेरीला फुटबॉलचे मोठे मैदान आहे. पालकांनो, तिथे मुलांना नेलंत तर हे नाव जरूर सांगा.