न्यायासनासमोर उभं राहताना : मार्टिन लूथर यांची भीती आणि आपली

आजचं वाचन : २ करिंथ ५:१०, १ करिंथ ३:११-१५



आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभं राहायचं आहे, असं पौल आज सांगतो. सर्वांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांनाही. तरुणांच्या सभेत हा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो : तारण झालंय, पापांची क्षमा मिळालीय, मग पुन्हा न्याय कसला? मलाही तो पडतो, आणि तेव्हा मला मार्टिन लूथर आठवतात. या एका भीतीने त्यांचं तारुण्य पोखरून काढलं होतं.

लूथर १४८३ साली जर्मनीतल्या आइस्लेबेन गावी जन्मले. मुलाने कायदा शिकावा अशी वडिलांची इच्छा. पण जुलै १५०५ मध्ये एर्फुर्टला परतताना वादळात जवळच वीज पडली. घाबरून त्यांनी संत ॲनाला नवस केला, की वाचलो तर मठात जाईन. दोनेक आठवड्यांत ते खरंच ऑगस्टिनियन मठात दाखल झाले.

भीती मात्र मठाच्या दाराबाहेर राहिली नाही. त्या काळच्या चित्रांत येशू मेघधनुष्यावर बसलेला आणि मुखाशी तलवार, असा दाखवत. लूथरांच्या मनात तोच येशू बसला होता : फक्त न्यायाधीश. मग उपास, जागरणं, थंडीत कुडकुडत केलेल्या प्रार्थना. पापकबुलीला बसले की तासन्‌तास. एखादं पाप सांगायचं राहिलं तर? ही धाकधूक काही संपेना. त्यांचे वरिष्ठ योहान श्टाउपिट्झ त्यांना ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगत. पुढे त्यांनीच लूथरांना पवित्र शास्त्र शिकवायच्या कामाला लावलं. १५१२ मध्ये लूथर डॉक्टर झाले आणि विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकवू लागले.

तिथे रोम १:१७ ने त्यांना अडवलं. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शिक्षा करणारं नीतिमत्त्व, असं त्यांना शिकवलेलं होतं. रात्रंदिवस मनन केल्यावर उलगडलं, की हे नीतिमत्त्व देव विश्वास ठेवणाऱ्याला दान म्हणून देतो. न्यायाधीश तोच, आणि आपल्यासाठी वधस्तंभावर गेलेलाही तोच. ३१ ऑक्टोबर १५१७ ला त्यांनी क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. १५२१ मध्ये वर्म्सला सम्राट पाचवा चार्ल्स याच्यासमोर त्यांना आपलं लिखाण मागे घ्यायला सांगितलं. त्यांनी विचाराला एक दिवस मागितला, आणि दुसऱ्या दिवशी नकार दिला. मोठ्या न्यायाधीशाशी समेट झालेला माणूस सम्राटापुढे उभा राहू शकला!

मग लूथरांच्या कामांचा न्याय होणार नाही का? होणार. इथेच १ करिंथ ३ वाचा. पाया ख्रिस्त आहे. त्यावर आपण काय बांधलं ते अग्नीने पारखलं जाईल. सोनं टिकेल, गवत-पेंढा जळेल. बांधणारा मात्र तारला जाईल, पण जणू अग्नीतून बाहेर पडल्यासारखा.

लूथरांनी १५२२ मध्ये नवा करार साध्या माणसाच्या जर्मन भाषेत दिला. त्याच लूथरांनी १५४३ मध्ये यहुदी लोकांविरुद्ध अतिशय विषारी पुस्तक लिहिलं आणि त्यांची सभास्थानं जाळायला सांगितलं. कितीतरी वर्षांनी नाझींनी ते लिखाण वापरलं. हे मी झाकणार नाही. लूथरांचा न्यायाधीश मी नाही. पण त्या पानांत मला सोनं दिसत नाही. कृपा एवढी मोठी आहे की असा माणूसही तारला जातो. आणि न्याय एवढा खरा आहे की त्याचं ते काम तसंच खपून जात नाही. ज्यांना त्या शब्दांनी जखमा झाल्या, त्यांच्यासाठी देव न्यायी आहे ही सुवार्ताच आहे ना?

म्हणून विश्वासणाऱ्याचा न्याय म्हणजे ऑफिसमधलं अप्रेझल नाही, की रेटिंग कमी पडलं तर घराबाहेर. घर पक्कं आहे. रोम ८:१ प्रमाणे जे ख्रिस्तात आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. पण आज टाइप केलेली एक कॉमेंट, आईशी बोललेला एक शब्द, कुणाला न सांगता केलेली मदत, हे सगळं त्या पायावर चढतंय.

१५४२ मध्ये लूथरांची तेरा वर्षांची लेक माग्दालेना वारली. बाप म्हणून ते कोलमडले, तरी पुनरुत्थानाची आशा त्यांनी सोडली नाही. ज्या शेवटच्या दिवसाला ते थरथरत, त्यालाच उतारवयात प्रिय दिवस म्हणून बोलावू लागले. १८ फेब्रुवारी १५४६ ला, जन्मगावीच, ते प्रभूत झोपी गेले.

आज रात्री झोपण्याआधी स्वतःला एकच विचारू या : आज मी काय बांधलं?

प्रार्थना : प्रभू येशू, तूच माझा न्यायाधीश आणि तूच माझा तारणारा. माझ्या हातचा गवत-पेंढा आजच मला दाखव, म्हणजे मी तो टाकून देईन. तुझ्यासमोर आनंदाने उभं राहायला मला शिकव. आमेन.