इंजिनाच्या प्रतीक्षेत ब्रूस मॅक्लारेन

१९६७ सालचा ग्रां प्री हंगाम अर्ध्यावर आला, तरी लंडनच्या पश्चिमेस कोलनब्रुक येथील एका कार्यशाळेतील नवी मोटार शर्यतीच्या रिंगणात उतरू शकली नव्हती. तिच्यासाठी मागवलेले बारा सिलिंडरांचे इंजिन बीआरएम या ब्रिटिश कंपनीकडून वेळेत हाती आले नव्हते. त्या कंपनीचे तंत्रज्ञ स्वतःच्या सोळा सिलिंडरी इंजिनाची दुखणी निस्तरण्यात गुंतले होते. गिऱ्हाइकाचा क्रमांक साहजिकच नंतरचा. ताटकळलेल्या गिऱ्हाइकाचे नाव होते ब्रूस मॅक्लारेन. वय वर्षे २९.

थांबणे त्याला नवे नव्हते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ३० ऑगस्ट १९३७ रोजी जन्मलेल्या ब्रूसला नवव्या वर्षी कमरेच्या सांध्याचा पर्थेस हा विकार जडला. जवळजवळ दोन वर्षे त्याने टाकापुना येथील विल्सन होममध्ये अंथरुणाला खिळून काढली. तो चालू लागला, पण डावा पाय आखूड राहिला तो कायमचा. वडील लेस यांचा पेट्रोलपंप आणि गॅरेज होते. तेथे एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर आली आणि मुलाचे पुढचे आयुष्य ठरून गेले. १९५८ मध्ये न्यूझीलंडच्या होतकरू चालकाला युरोपात पाठवणाऱ्या योजनेचा तो पहिला मानकरी ठरला. कूपर संघाकडून खेळताना १२ डिसेंबर १९५९ रोजी त्याने सेब्रिंग येथे अमेरिकन ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्याचे वय २२ वर्षे १०४ दिवस होते. सर्वांत लहान विजेत्याचा हा विक्रम २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडला.

१९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. खरी परीक्षा १९६६ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या इंजिनांची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली. नियम बदलले, पण नव्या नियमांत बसणारे आणि विकत मिणारे चांगले इंजिन बाजारात जवळजवळ नव्हतेच. तरुण अभियंता रॉबिन हर्ड याने एम२बी या मोटारीचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड घातलेल्या मॅलाइटपासून तयार केला. सांगाडा उत्तम होता. त्यात बसवायला मिळाले ते इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी बनवलेले फोर्डचे ४.२ लिटरचे इंजिन, तीन लिटरपर्यंत छाटलेले. ते अवजड होते आणि आवाजाच्या मानाने त्याची ताकद फारच बेताची होती. मोनाकोतील पहिल्याच शर्यतीत तेलगळतीमुळे मोटार थांबली. मग सेरेनिसिमा या इटालियन कंपनीचे इंजिन आणले. बेल्जियममध्ये ते सरावातच निकामी झाले. ब्रँड्स हॅचला सहावा क्रमांक व एक गुण, अमेरिकेत पुन्हा फोर्डचे इंजिन बसवून पाचवा क्रमांक व दोन गुण. वर्षभराची कमाई एवढीच.

इंजिन उशिरा येणे म्हणजे केवळ एखादी शर्यत हुकणे नव्हे. इंजिनाशिवाय मोटारीचा तोल कळत नाही, ती किती तापते ते कळत नाही, तेलाच्या नळ्या कोठे दगा देतील तेही कळत नाही. चाचणीच्या मैदानावर उघड व्हायचे दोष मग शर्यतीत, हजारो प्रेक्षकांसमोर उघड होतात.

१९६७ मध्ये त्याने फॉर्म्युला टूच्या लहान मोटारीत बीआरएमचे जुने, २.१ लिटरचे इंजिन बसवून वेळ निभावली. मोनाकोत चौथा क्रमांकही मिळवला. ४ जूनला झांडफूर्ट येथे मात्र ती घसरून बाद झाली. त्याच शर्यतीत जिम क्लार्कने कॉसवर्थचे नवे कोरे डीएफव्ही इंजिन पहिल्याच पदार्पणात विजयी केले. पण ते त्या वर्षापुरते लोटस संघासाठी राखीव होते. ब्रूसपाशी मोटारच उरली नाही, तेव्हा मित्र आणि प्रतिस्पर्धी डॅन गर्नी याने आपल्या संघाची ईगल मोटार त्याला चालवायला दिली.

अखेर इंजिन आले आणि २७ ऑगस्टला कॅनडातील मोस्पोर्ट येथे एम५ए धावली. भर पावसात ब्रूस दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. परंतु मोटारीत आल्टरनेटर बसवलेला नव्हता. बॅटरी शर्यतभर पुरेल, असा हिशेब होता. तो चुकला. बॅटरी बदलण्यासाठी थांबावे लागले आणि सातव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

याच उन्हाळ्यात त्याच कार्यशाळेत अगदी उलट चित्रही दिसत होते. अमेरिका-कॅनडातील कॅन-ॲम मालिकेसाठी बनवलेल्या एम६ए मोटारीत शेव्हरोलेचे ५.९ लिटरचे इंजिन होते. ते सहज मिळत असे आणि संघाचेच लोक त्यावर काम करीत. मोटार हंगामापूर्वीच तयार झाली आणि गुडवुडच्या मैदानावर तिची भरपूर चाचणी घेता आली. सहापैकी पाच शर्यती नारिंगी मॅक्लारेननी जिंकल्या व ब्रूस विजेता ठरला. १९६९ मध्ये तर अकराच्या अकरा शर्यती या संघाने जिंकल्या.

१९६८ पासून डीएफव्ही इतरांनाही विकत मिळू लागले. ९ जून १९६८ रोजी स्पा येथे जॅकी स्ट्युअर्टची मोटार अखेरच्या फेरीपूर्वी इंधनासाठी थांबली आणि ब्रूस पुढे निघून गेला. स्वतःच्या नावाच्या मोटारीतून ग्रां प्री जिंकल्याचे त्याला शर्यत संपल्यावर इतरांकडून कळले.

२ जून १९७० रोजी नवी कॅन-ॲम मोटार, एम८डी, गुडवुडला चाचणीसाठी आणली होती. मोस्पोर्टची पहिली शर्यत बारा दिवसांवर होती, आणि संघातील जोडीदार डेनी हुल्म इंडियानापोलिसच्या सरावात हात भाजल्याने जायबंदी होता. लॅव्हंटच्या सरळ रस्त्यावर भरवेगात असताना मोटारीचे मागचे आवरण निखळले. ताबा सुटून ती कडेच्या भक्कम चौकीवर आदळली आणि ब्रूस जागीच गेला. वय ३२. मागे पत्नी पॅटी आणि लहानगी मुलगी अमांडा.

संघाचे व्यवस्थापक टेडी मेयर यांनी कामगारांना दुसऱ्या दिवशी घरी राहण्यास सांगितले होते. तरीही सगळे कामावर आले. मोटारी मोस्पोर्टला वेळेवर पोहोचल्या. १४ जूनची ती शर्यत मॅक्लारेनने जिंकली. ब्रूसच्या जागी चालकाच्या आसनावर डॅन गर्नी होता.