सर्वज्ञ दासोपंत

आमचा हा मुलूख १९५६ साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. त्या राज्यास पुढे १९७३ साली कर्नाटक हे नाव मिळाले. राज्ये बदलली, तरी आमच्या घरांतील मराठी बदलली नाही. मात्र या सीमाभागाने मराठी वाङ्मयास काय दिले, असे कोणी विचारले की आम्ही पुष्कळदा निरुत्तर होतो. तसे होण्याचे कारण नाही. दासोपंत हे आपल्याच भूमीचे सुपुत्र होत.

शके १४७३, म्हणजे इ. स. १५५१ मध्ये, बीदरच्या मुलुखातील नारायणपेठ येथे देशपांडे घराण्यात त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव दिगंबरपंत, मातेचे पार्वतीबाई. त्या काळी बीदरच्या गादीवर बरीदशाही होती व दिगंबरपंत सरकारी वसुलाचे काम पाहत. परंपरेने आलेली हकीकत अशी की, दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातील धान्य भुकेलेल्या रयतेस वाटले. रकमेच्या भरपाईसाठी कोवळ्या दासोपंतास बीदर येथे ओलीस ठेवण्यात आले. मुदत संपत आली असता कोणी अनोळखी गृहस्थाने सारी रक्कम भरून मुलास सोडविले. तो साक्षात् दत्तात्रेयच, अशी दासोपंतांची श्रद्धा झाली आणि पुढे त्यांनी घरदार सोडले.

माहूर येथे त्यांनी दीर्घ तपश्चर्या केली व अखेर अंबाजोगाईस ते स्थायिक झाले. मराठीचे आद्यकवी म्हणून गौरविले गेलेले मुकुंदराज यांची समाधीही त्याच गावी आहे. पैठणचे एकनाथमहाराज हे दासोपंतांचे समकालीन.

अंबाजोगाईस दासोपंतांची लेखणी अखंड चालली. ‘गीतार्णव’ ही त्यांची भगवद्गीतेवरील टीका सव्वा लाख ओव्यांची असल्याचे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,००० आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या उद्योगाची कल्पना येते. ‘ग्रंथराज’, ‘गीतार्थबोधचंद्रिका’ आणि पदांचा सागर असा ‘पदार्णव’ हेही त्यांचेच. या व्यासंगामुळे लोक त्यांस ‘सर्वज्ञ’ म्हणू लागले.

परंतु सर्वांत नवल वाटते ते त्यांच्या पासोडीचे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे कापड. अशा सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद वस्त्रावर त्यांनी ‘पंचीकरण’ हा विषय ओव्यांत लिहिला. पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश या पाच तत्त्वांच्या मिश्रणातून सृष्टी व देह कसे घडतात, याचा विचार त्यात आहे. पोथीचे पान एका वेळी एकाच्या हाती राहते. पसरलेले वस्त्र अनेकांस एकत्र पाहता येते.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी देह ठेवला. त्यांची समाधी अंबाजोगाईस आहे.

एवढे लिहूनही हा कवी सामान्य वाचकास अपरिचितच राहिला. ग्रंथांचा विस्तार मोठा, भाषा जुनी, आणि छापील प्रती थोड्या. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचे सांगणे असे की, जुन्या मराठीचा कंटाळा करू नये. घरी वडीलधाऱ्यांजवळ बसून एखादी ओवी वाचावी, अडलेला शब्द त्यांस विचारावा. ज्या भूमीत आपण जन्मलो, तिचे थोर कवी वाचणारे कोणी उरावे, हे आता आपल्याच हाती आहे.