विश्लेषण : मेंदूचे स्कॅन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोसंबींचे गणित कुठे आहे?

सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी धर्मानंद कोसंबी यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. पाली भाषेच्या या अभ्यासकाचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण ते मुळात गणिती होते, आणि मेंदूच्या एफएमआरआय स्कॅनचे विश्लेषण करताना वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीचा माग त्यांच्यापर्यंत जातो.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

‘एसपीएम’ हे या क्षेत्रातले नेहमीचे सॉफ्टवेअर. त्यात आधी प्रयोगाची आखणी भरावी लागते. समजा, शब्द ऐकलेला की वाचलेला आणि ओळखीचा की अनोळखी, असे दोन घटक आहेत. दोन गुणिले दोन, म्हणजे चार स्थिती. हेच फॅक्टोरियल डिझाइन. यातून प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढता येतो. शिवाय, ओळखीच्या शब्दाने पडणारा फरक ऐकताना आणि वाचताना सारखाच असतो का, हेही तपासता येते. त्यासाठी चार स्थितींना अधिक एक, उणे एक, उणे एक, अधिक एक असे भार देतात. स्थितींचा क्रम चुकला तर सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही. उत्तर मात्र भलत्याच प्रश्नाचे मिळते.

मग कोसंबी कुठे येतात?

पुढच्या पायरीवर. मेंदूचा एखादा भाग उजळला की त्यातल्या शेकडो ठिपक्यांचे शेकडो आलेख हाती येतात. त्यातून एक प्रातिनिधिक आलेख हवा असतो. सरासरी काढली आणि निम्मे ठिपके वर, निम्मे खाली गेले असतील, तर हाती काहीच उरत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांच्या रोजच्या पावसाचे आलेख समोर ठेवा. सगळ्यांत कमी-अधिक दिसणारा एक आकार शोधायचा, मग उरलेल्या चढउतारांतला दुसरा, मग तिसरा. पहिल्या एक-दोन आकारांतच बहुतेक चढउतार सामावतात. एसपीएम त्या भागासाठी असाच पहिला आकार काढून देते. कालानुसार बदलणाऱ्या आलेखांची अशी फोड कोसंबींनी १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली.

श्रेय कुणाला मिळाले?

महायुद्धाच्या धामधुमीत भारतातले नियतकालिक बाहेर कितीसे पोहोचणार? फिनलंडचे कारी कारहुनेन आणि मिशेल लोएव्ह यांनी पुढे स्वतंत्रपणे हेच मांडले आणि प्रमेयाला त्या दोघांची नावे मिळाली. अभियांत्रिकीला असताना आम्हीही तीच दोन नावे पाठ केली. अलीकडे काही गणिती कोसंबींचे नाव आधी जोडतात.

कोण होते दा. ध. कोसंबी?

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातले कोसबेन. वडील हार्वर्डमध्ये काम करत असल्याने शिक्षण अमेरिकेत. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी. बनारस आणि अलीगढमध्ये शिकवून १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण घर पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने रोजची ये-जा.

संख्याशास्त्राची गोडी त्यांना जुन्या नाण्यांकडे घेऊन गेली. चलनात फिरलेले नाणे झिजते, म्हणून वजनातल्या घटीवरून ते किती काळ वापरात होते याचा अंदाज बांधता येतो. हजारो नाणी त्यांनी स्वतः तोलली. नाण्यांवरून राजे, राजांवरून समाज, असे करत १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक आले.

गणितात मात्र शेवट कडवट झाला. रीमान गृहीतकाविषयीचा मोठा दावा त्यांनी १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही आणि गणितज्ञांमधली त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.