श्रीमंत बायजाबाईसाहेब शिंदे : एका राजवधूची जीवनकथा

॥ श्री ॥

काशीक्षेत्री श्रीविश्वेश्वराच्या सन्निध असलेल्या ज्ञानवापी कूपाचे माहात्म्य भाविकांस नव्याने सांगावयास नको. या पवित्र कूपावर इ. स. १८२८ मध्ये चाळीसहून अधिक स्तंभांचा दगडी मंडप उभारण्यात आला. काशीतच गंगातीरी शिंदे घाट आहे. उज्जयिनीच्या गजबजलेल्या पेठेत श्रीगोपालकृष्णाचे भव्य मंदिर आहे. ही तिन्ही कार्ये एकाच स्त्रीच्या नावाशी जोडलेली आहेत. त्या म्हणजे ग्वाल्हेरच्या श्रीमंत बायजाबाईसाहेब शिंदे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे चरित्र घरोघरी वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. बायजाबाईंचे नाव मात्र निघाले की पुष्कळदा त्यांच्या पित्याच्या दुष्कीर्तीसह निघते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या शिंद्यांच्या घरात सून म्हणून आल्या आणि त्या दिवसापासून सुमारे पासष्ट वर्षे त्यांच्या प्रत्येक कृतीवर कोणाची ना कोणाची नजर राहिली. हे जीवन त्यांनी कसे निभावले, ते आम्ही या लेखात यथामती मांडीत आहोत.

माहेर आणि विवाह

बायजाबाईंचा जन्म इ. स. १७८४ मध्ये कोल्हापूरजवळील कागल येथे झाला. कागलचे घाटगे घराणे हे मराठ्यांच्या जुन्या व मानाच्या घराण्यांपैकी एक. याच कागलकर घाटग्यांच्या वंशात पुढे यशवंतरावांचा जन्म झाला आणि कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेल्यावर ते राजर्षी शाहू महाराज म्हणून विख्यात झाले. बायजाबाईंचे वडील सखाराम घाटगे हे सर्जेराव या किताबाने ओळखले जात.

त्या काळी पुण्याचे राजकारण अत्यंत अस्थिर झाले होते. महादजी शिंदे १७९४ मध्ये निवर्तले आणि त्यांच्यामागे तरुण दौलतराव शिंदे गादीवर आले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणीस शिंद्यांच्या कैदेत पडले. या घडामोडींत सर्जेराव पुढे सरसावले. आपली कन्या दौलतरावांस द्यावयाची आणि त्याबरोबर शिंद्यांच्या दरबारात दिवाणगिरी मिळवावयाची, असा त्यांचा हेतू होता. १७९८ च्या आरंभी पुण्यात हा विवाह मोठ्या थाटाने पार पडला.

विवाहाचा खर्च आणि लष्कराचे तुंबलेले पगार भागविण्यासाठी पैसा हवा होता. तो सर्जेरावांनी पुण्याच्या सावकारांकडून, व्यापाऱ्यांकडून आणि प्रतिष्ठित गृहस्थांकडून जुलमाने वसूल केला. पैसा काढण्यासाठी लोकांना धरून आणून त्यांचे अतोनात हाल करण्यात आले. पुणे शहराने हे दिवस पिढ्यान्पिढ्या विसरले नाहीत.

चौदा वर्षांच्या त्या मुलीचा यात काय दोष? तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी तिच्या उत्तराला त्या काळी किंमत नव्हती. तरीही तिच्या अंगावरचा शालू आणि मांडवातली रोषणाई पाहताना, यासाठी कोणाच्या घरातले द्रव्य गेले, हा विचार पुणेकरांच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. पित्याचे पाप कन्येच्या पदरी बांधले गेले, ते असे.

सासरचा पहिला काळ

सासरी आल्याबरोबर त्यांच्यापुढे याहून कठीण प्रसंग उभा राहिला. महादजींच्या विधवा पत्नींना योग्य नेमणूक मिळत नव्हती. त्यांनी तक्रार करताच त्यांचा बंदोबस्त करण्याचे काम सर्जेरावांकडे आले आणि त्यांनी या वडीलधाऱ्या स्त्रियांस फटके मारविण्यापर्यंत मजल नेली. त्यातून शिंद्यांच्या सैन्यातच फूट पडली व प्रत्यक्ष युद्धे झाली. इतिहासात हे प्रकरण शिंद्यांच्या बायांचे बंड म्हणून ओळखले जाते.

ज्यांच्या पाया पडावयाचे, ज्यांच्याकडून घरच्या रीती शिकावयाच्या, त्याच सासवांचा आपल्या पित्याने असा अपमान केला, हे नव्या सुनेने कसे सोसले असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे सर्जेरावांचा जुलूम असह्य होऊन खुद्द दौलतरावांनीच त्यांना कैद केले. म्हणजे एका बाजूस पती, दुसऱ्या बाजूस पिता, आणि मध्ये ही तरुण राणी. काही काळाने सर्जेराव सुटले व पुन्हा दरबारात वावरू लागले. अखेर १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतच त्यांचा वध झाला.

या सर्व उलथापालथीत बायजाबाईंनी पतीचा विश्वास मात्र कधी गमावला नाही. दौलतराव राज्यकारभारात त्यांचा सल्ला घेत असत आणि दरबारातील लोक हे जाणून होते. त्यामुळे त्यांच्याविषयी आदर वाढला, तसा मत्सरही वाढला. १८०९ मध्ये थॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या छावणीबरोबर होता. त्याने आपल्या बंधूस लिहिलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत लढाया आणि मुक्काम यांच्याबरोबरच महाराजांच्या घरातील रुसवेफुगवेही आले आहेत. आपल्या घरातील बोलणे विलायतेत छापले जाते, हा अनुभव त्या काळी क्वचितच कोणा मराठी स्त्रीच्या वाट्यास आला असेल.

१८०३ च्या युद्धात शिंद्यांचा पराभव झाला, दिल्ली व आग्रा हातचे गेले. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी स्थिर केली. या लष्कराच्या तळाचेच पुढे शहर झाले आणि त्याचे नाव लष्कर असेच राहिले. दक्षिणेतून आलेली शेकडो मराठी घराणी तेथे स्थायिक झाली. आज ग्वाल्हेरात जी मराठी वस्ती आहे, तिची मुळे या काळात आहेत.

वैधव्य आणि राज्यकारभार

२१ मार्च १८२७ रोजी दौलतराव निवर्तले. त्यांस पुत्र नव्हता. बायजाबाईंचे वय तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षी जून महिन्यात शिंदे कुळातील अकरा वर्षांचा मुकुटराव दत्तक घेण्यात आला आणि जनकोजीराव या नावाने गादीवर बसविण्यात आला. बायजाबाईंनी आपल्या नातीचा विवाह त्याच्याशी लावून दिला व राज्याची सूत्रे स्वतः हाती घेतली.

त्यांचा कारभार कडक आणि हिशेबी होता. पैशाचे व्यवहार त्यांना उत्तम कळत. त्यांची सावकारी पेढी चालत असे आणि ईस्ट इंडिया कंपनीलाही त्यांनी कर्ज दिले होते. ज्ञानवापीचा मंडप आणि काशीचा घाट ही कामे याच काळातील होत. शिंदे घाटाचे बांधकाम इतके अवजड होते, की त्या भाराने तेथील जमीन खचली आणि घाटाचा काही भाग गंगेत बसला. तेथील कललेले शिवमंदिर आजही यात्रेकरूंचे लक्ष वेधून घेते.

येथे एक गोष्ट निःपक्षपणे सांगितली पाहिजे. जनकोजीराव वयात येऊ लागले, तरी बायजाबाईंनी सत्ता सोडली नाही. त्या राज्य आमरण आपल्या हाती ठेवू इच्छीत होत्या, आणि तरुण राजा दिवसेंदिवस अधीर होत होता. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरास आले, तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे त्यांच्यापुढे मांडले. परंतु बेंटिंक यांनी स्पष्ट निवाडा दिला नाही. घरातील कलह घरात मिटला नाही आणि परक्याच्या दारी नेल्यानेही मिटला नाही. चरित्रनायिकेविषयी आदर बाळगूनही आम्हांस असे वाटते, की या ठिकाणी त्यांची चूक झाली. ज्या हातांनी गादीवर बसविले, त्याच हातांनी वेळीच कारभार सोपविला असता, तर पुढील दुःख कदाचित टळले असते.

वनवास

जुलै १८३३ मध्ये सैन्य जनकोजीरावांस मिळाले. बायजाबाईंस राजवाडा सोडून इंग्रज रेसिडेंटच्या आश्रयास जावे लागले, आणि तेथून राज्याबाहेर. काल ज्यांच्या शब्दावर राज्य चालत होते, त्यांच्यावर तंबूत राहण्याची वेळ आली. त्यांचे बंधू हिंदुराव घाटगे पुढे दिल्लीस स्थायिक झाले. दिल्लीतील प्रसिद्ध हिंदुराव रुग्णालयास त्यांचेच नाव आहे.

१८३५ मध्ये फत्तेगड येथे बायजाबाईंचा मुक्काम असता फॅनी पार्क्स ही इंग्रज स्त्री त्यांच्या भेटीस आली. पुढे अलाहाबादेसही तिच्या भेटी होत राहिल्या. तिने आपल्या प्रवासवर्णनात बायजाबाईंचे जे चित्र रेखाटले आहे, ते ब्रॉटनच्या पत्रांहून फार निराळे आहे. केस पिकलेले, वैधव्यामुळे अंगावर भारी दागिने नाहीत, वागणे सौम्य, मुद्रा प्रसन्न आणि पाहुणीची आस्थेने विचारपूस करणाऱ्या, अशा बायजाबाई तेथे भेटतात. घोड्यावर बसण्याच्या मराठी आणि विलायती पद्धतींवर त्यांच्या तंबूत गप्पा रंगल्या, आणि दोन्हीकडच्या स्त्रियांना काय काय सोसावे लागते यावरही बोलणे झाले. राज्य गेले होते, परंतु मनाचा तोल गेला नव्हता.

त्यांनी कुठे राहावे, कुठे जावे, हे कंपनी सरकार ठरवीत असे. पुढे त्या दक्षिणेत गोदातीरी नाशिक क्षेत्री येऊन राहिल्या. १८४३ मध्ये जनकोजीराव निवर्तले आणि जयाजीराव गादीवर आले. त्यानंतरच्या काळात बायजाबाईंस स्वगृही परतता आले. ज्या लष्करातून त्या निघून गेल्या होत्या, त्याच लष्करात त्या वडीलधारी म्हणून पुन्हा मान्यता पावल्या.

अखेरची वर्षे

मराठी वाचकांस बायजाबाईंचे नाव आणखी एका ग्रंथामुळे परिचित आहे. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून ब्राह्मणांस मोठी दक्षिणा मिळणार, ही वार्ता ऐकून. वाटेत त्यांस बंडाचा वणवा भेटला आणि त्यातून ‘माझा प्रवास’ हा अमोल ग्रंथ मराठीस लाभला. ग्वाल्हेरच्या एका वृद्ध राजस्त्रीच्या दानधर्माची कीर्ती कोकणातील खेड्यापर्यंत पोहोचली होती, हे यावरून दिसते. पुण्यात ज्या नावाबरोबर एके काळी लुटीची आठवण निघे, त्याच नावाबरोबर आता दक्षिणेची आशा निघत होती. या बदलास साठ वर्षे लागली.

१ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव आग्र्यास गेले. बायजाबाई राजघराण्यातील स्त्रियांसह नरवर येथे गेल्या. रावसाहेबांनी बोलावूनही त्या बंडाच्या पक्षास मिळाल्या नाहीत. आजच्या वाचकांस हा निर्णय रुचेलच असे नाही. ज्या नगरीत झाशीच्या राणीने देह ठेवला, त्या नगरीच्या वृद्ध राणीने निराळा मार्ग धरला, हे आम्हांसही खटकते. परंतु चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या स्त्रीने एकदा राज्य गमावून वनवास भोगला होता, आणि त्या वेळी घरातील लेकीसुनांची जबाबदारी तिच्याकडे होती, हेही ध्यानी घ्यावे.

१८६३ च्या जून महिन्यात ग्वाल्हेर येथे बायजाबाईसाहेबांनी इहलोकीची यात्रा संपविली.

उपसंहार

भाविकहो, हे चरित्र निर्दोष नाही, आणि तसे ते रंगविण्याचा आमचा हेतूही नाही. सत्तेचा मोह त्यांस सुटला नाही, हे खरे. परंतु त्यांच्या आयुष्यावर सर्वांत मोठा डाग जो मानला गेला, तो त्यांच्या हातून घडलेलाच नव्हता. पुण्यातील जुलूम पित्याने केला आणि त्याचा बोल मुलीने आयुष्यभर वाहिला.

आपल्या घरांतही हे थोड्या प्रमाणात घडतच असते. लग्नात काय आले, काय राहिले, माहेरचे कोण कसे वागले, यावरून नव्या सुनेची पारख होते आणि तिच्या स्वतःच्या गुणांकडे पाहावयास कोणास सवड नसते. राजवाड्यात हे हजार डोळ्यांसमोर घडले, आपल्याकडे चार भिंतींत घडते, एवढाच भेद. मंदिरात हात जोडणाऱ्या प्रत्येकाने घरी परतल्यावर आपल्या उंबरठ्याच्या आत आलेल्या लेकीकडे निर्मळ दृष्टीने पाहावे, हीदेखील देवाची सेवाच होय.

काशीस गेलात तर शिंदे घाटावर क्षणभर थांबा. उज्जयिनीस श्रीगोपालकृष्णाचे दर्शन घ्याल, तेव्हा हे मंदिर बांधविणाऱ्या बायजाबाईंचे स्मरण करा. लोकांनी त्यांना काय म्हटले ते काळाबरोबर गेले. देवाच्या चरणी त्यांनी जे वाहिले, ते राहिले.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥