सुभेदार रामजी सकपाळ

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले असता तेथे उतरले होते. त्या भेटीची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलै रोजी खानदेशातील हजारो माणसे, बायकामुलांसह, त्या बंगल्यावर जातात. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या भगिनींना ठाऊक आहे. परंतु त्यांचे वडील सुभेदार रामजी हे पलटणीतून निवृत्त झालेले एक सैनिक होते, आणि निवृत्तीनंतर अशा माणसाच्या वाट्याला काय आले, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी हे चार शब्द.

रामजींचे मूळ गाव कोकणातील आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातले. कंपनी सरकारच्या आरंभापासून या घराण्यातील पुरुषांनी गावकीची कामे सोडून पलटणीचा मार्ग धरला होता. रामजींचे वडील मालोजी हेही सैनिकच. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरच्या; ते घराणेही लष्करी पेशाचे आणि हुद्देदारांचे.

त्या काळच्या पलटणीत एक गोष्ट फार चांगली होती. शिपायांना शिक्षण सक्तीचे असे, आणि त्यांच्या मुलांनाच नव्हे तर मुलींनाही छावणीतल्या शाळेत बसावे लागे. गावोगाव ज्या समाजाला पाटीला हात लावू देत नसत, त्यांच्या लेकी छावणीत वाचावयास शिकत होत्या! रामजी स्वतः अशा लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. मराठी उत्तम, इंग्रजी चांगले, वृत्ती कबीरपंथी, मद्यमांसाला स्पर्श नाही. महू येथे छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच भीमराव. चौदांपैकी तीन मुलगे आणि दोन मुली एवढीच जगली. भीमाबाईंनी किती पाळणे रिकामे होताना पाहिले असतील, याचा हिशेब आपण बायकांनीच करावा.

भीमराव लहान असतानाच रामजी सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीस येऊन राहिले. तेथे पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. पलटणीतूनच निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर तेथे अनार्यदोष-परिहारक मंडळी चालवीत. या वृद्ध सैनिकांच्या मनाला तेव्हा एक मोठी जखम झाली होती. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरणाऱ्या सरकारनेच त्यांच्या नातवंडांना लढवय्ये मानण्याचे नाकारले. पेन्शन काही बंद झाले नव्हते. पण पेन्शन माणसाबरोबर चितेवर जाते. नोकरी मुलाला मिळाली तर घर उभे राहते, आणि पलटणीची शाळा मिळाली तर मुलगीही शिकते. भरतीबरोबर हे सारेच दार मिटले. वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. रामजींनीही पुढाकार घेतला आणि सरकारकडे पाठवावयाचा अर्ज लिहून घेण्यासाठी ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले. (हे रानडे १८७९ साली धुळ्यास न्यायाधीश होते, रमाबाईही तेव्हा त्यांच्यासोबत धुळ्यात होत्या.) अर्जांचा उपयोग झाला नाही.

पुढे कुटुंब साताऱ्यास आले. तेथेच भीमाबाई वारल्या. रामजींची बहीण मीराबाई, म्हणजे मुलांची आत्या, हिने घर सांभाळले. पैसे देण्याची ऐपत असूनही सुभेदारांच्या मुलांचे केस कापावयास न्हावी तयार नसे. ते काम थोरली बहीण करी. शाळेत भीमरावाला बसावयास गोणपाट घरून न्यावे लागे.

१९०१ सालची हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यात गोरेगाव येथे सरकारने तलावाचे काम काढले होते, तेथे रामजी रोखपाल होते. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे घालून मुले आगगाडीने मसूरला उतरली. पण त्यांच्या येण्याचे पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे रामजींना मिळालेच नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. गाडीवानाने दुप्पट भाडे मागितले, आणि तेही मुलांनी बैल स्वतः हाकावे व आपण शेजारून चालावे, या अटीवर. रात्रभराच्या त्या वाटेवर कोणी पाणी दिले नाही. बरोबर डबा होता, पण पाण्यावाचून घास उतरेना, तसेच निजले. सरकारसाठी उभे आयुष्य पलटणीत काढलेल्या सुभेदाराची ती मुले!

अंगावरचा गणवेश उतरला की मान उतरतो, ही तक्रार त्याच काळापुरती होती असे समजू नये. सैन्यात शुश्रूषा केलेल्या परिचारिकांना माजी सैनिक म्हणावे की नाही, हा वाद पंजाबातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या राज्याच्या नियमांप्रमाणे त्या माजी सैनिकच ठरतात, असा निर्णय २०२४ साली लागला.

१९०४ च्या सुमारास रामजी मुंबईस परळच्या डबक चाळीत राहावयास आले. एक खोली, माणसे बरीच. म्हातारा लवकर निजे आणि रात्री दोनला उठून मुलाला अभ्यासास बसवी. मुलाला पुस्तकांची हाव फार. त्याने नवे पुस्तक मागितले की सुभेदार लेकीकडे उसने मागावयास जात. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे. रोख नसेल तेव्हा तिचा लग्नातला दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन आले की सोडवून परत करीत. त्या मुलींनी एकदाही नाही म्हटल्याचे कोठे नमूद नाही. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा पाया सांगताना सुभेदारांचे पेन्शन सांगतात, ते योग्यच आहे. पण त्या दागिन्यांचा उल्लेख आधी व्हावयास हवा असे मला वाटते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सयाजीराव महाराजांच्या मदतीने पुढे बी. ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. परतीच्या वाटेवर सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावयास ते उतरले, तेवढ्यात गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ते पोहोचले तेव्हा सुभेदारांचे डोळे त्यांचीच वाट पाहत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी प्राण सोडला.

भरतीची मागणी त्यांच्या हयातीत मान्य झाली नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ती विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत नेली होती. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. पुन्हा युद्ध आले. १९४१ च्या जुलैत रामजींचे पुत्र सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी तीच मागणी पुन्हा लावून धरली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही सैन्यात आहे.