शीलसंवर्धनाचे उपासक : सर सय्यद अहमद खान

रमजानचा उपवास म्हणजे केवळ क्षुधेचे दमन नव्हे. नित्याच्या संयमाने स्वभाव पालटतो, हा त्यामागील विश्वास होय. आज ईदच्या मंगल दिनी, हाच विश्वास आधुनिक विद्यालयात उतरविणाऱ्या सर सय्यद अहमद खान यांचे स्मरण उचित ठरेल.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. बालपणी त्यांनी एका वृद्ध सेवकावर हात टाकला, तेव्हा मातोश्री अजीजुन्निसा बेगम यांनी त्यांना घराबाहेर काढले. मावशीच्या आश्रयास राहिलेल्या या मुलाला सेवकाची क्षमा मागितल्यावरच घराचे दार पुन्हा उघडले. शीलाचा हा पहिला पाठ ते कधीही विसरले नाहीत.

१८५७ च्या उत्पातात दिल्लीतील त्यांचे आप्त मारले गेले. हालअपेष्टांनी खचलेल्या मातेचाही त्याच वर्षी मीरत येथे अंत झाला. देशत्याग करून इजिप्तला जावे, असे त्यांच्या मनात आले. परंतु विपन्न समाजाला सोडून जाणे त्यांना प्रशस्त वाटले नाही.

इंग्लंडहून परतल्यावर १८७० च्या अखेरीस त्यांनी ‘तहजीबुल अखलाक’ हे नियतकालिक काढले. याच नावाचा नीतिग्रंथ इब्न मिस्कवैह या तत्त्वचिंतकाने सुमारे नऊ शतकांपूर्वी लिहिला होता. सद्गुण अभ्यासाने व सत्संगतीने अंगी बाणतात, ही त्या परंपरेची शिकवण. सर सय्यद यांनी तिला आधुनिक विचाराची जोड दिली. सृष्टी ही ईश्वराची कृती आणि कुराण ही त्याची वाणी असल्याने विज्ञान व श्रद्धा यांत विरोध संभवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या मतांमुळे त्यांना धर्मबाह्य ठरविणारे फतवे निघाले. तरीही १८७५ मध्ये अलीगढला शाळा सुरू झाली आणि १८७७ मध्ये महाविद्यालयाची कोनशिला बसली. वसतिगृहातील सहवास, प्रार्थना व खेळ यांतून शील घडावे, अशी तेथील योजना होती. सुन्नी व शिया विद्यार्थ्यांच्या धर्मशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था होती. हिंदू विद्यार्थ्यांनाही प्रवेश होता. विशेष म्हणजे, स्वतःची वादग्रस्त धर्ममते त्यांनी तेथील धर्मशिक्षणात येऊ दिली नाहीत. स्त्रीशिक्षणाला मात्र त्यांनी अग्रक्रम दिला नाही, ही उणीव मान्य करावी लागेल.

२७ मार्च १८९८ रोजी ते निवर्तले. १९२० मध्ये त्यांच्या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. त्या विद्यामंदिराचा खरा पाया मात्र दिल्लीतील एका मातेने, सेवकापुढे मान लववावयास लावून, फार पूर्वीच घातला होता.